जोडा, सायकल आणि कचेरीचा उंबरठा

माणूस कामावर कोणत्या वाहनाने गेला याची नोंद इतिहासात सापडते. जाताना पायांत काय होते आणि पोहोचल्यावर ते का बदलले, याकडे सहसा लक्ष जात नाही. सायकलवरून कचेरी गाठणाऱ्या नोकरदाराने वाटेतले जोडे दाराशी उतरवून दुसरे चढवावेत, ही क्रिया दोन मिनिटांची. तरीही तिच्यामागे सुमारे दीड शतकाचा मानापमानाचा इतिहास उभा आहे.

आपल्याकडे पादत्राणांचा शिष्टाचार स्पष्ट होता. वहाणा बाहेरच्या, पाय आतले. देवघर असो, बैठक असो की दरबार, जाजमाच्या कडेला जोडा काढणे हाच आदर. इंग्रजी अमलात अधिकाऱ्यांनी हा संकेत आपल्या सोयीने वापरला. साहेब स्वतः बूट घालून बसत आणि समोर येणाऱ्या देशी माणसाने मात्र अनवाणी यावे, अशी अपेक्षा ठेवीत. 1854 मध्ये गव्हर्नर जनरलच्या सरकारने युरोपीय पद्धतीचे बूट वापरणाऱ्या देशी गृहस्थांना सरकारी समारंभांत ते घालूनच येण्याची मुभा दिली. देशी जोडा मात्र काढावाच लागे. 1862 मध्ये सुरतेच्या न्यायालयात एका पारशी असेसरांनी पादत्राणे काढण्यास नकार दिला आणि हा प्रश्न पश्चिम हिंदुस्थानात गाजला. 1874 मध्ये बुटांची मुभा न्यायालयांपर्यंत विस्तारली. या सर्व प्रकरणाचा मथितार्थ इतकाच की कातडे तेच, पाय तेच. पण शिवण विलायती असेल तर माणूस उभा राहू शके आणि देशी असेल तर त्याला वाकावे लागे. कारकुनाच्या पायांत बूट आला तो हौसेपेक्षा या अनुभवाच्या वाटेने आला, असे म्हणण्यास जागा आहे.

याच सुमारास दुसरे नवल घडत होते. 1885 मध्ये इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली यांची समान चाकांची ‘रोव्हर’ सायकल आली. 1888 मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढच्या काळात रॅले, बीएसए, हंबर ही नावे आपल्या शहरांत परिचित झाली. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये मद्रासेत टीआय सायकल्स, 1951 मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस आणि 1956 मध्ये लुधियान्यात हीरो यांची सुरुवात झाली. साहेबाचे वाहन पाहता पाहता शिक्षकाचे, कारकुनाचे, गिरणीकामगाराचे आणि पोस्टमनचे झाले. पुण्याला तर सायकलींचे शहर हे बिरुदच चिकटले.

सायकलीने पायांना नवीच अडचण दिली. घोडागाडीतून उतरणाऱ्याचा बूट कोरडा राही. सायकलस्वाराचा पाय चिखलाच्या वितीभर वर फिरतो. पुढच्या चाकाने उडवलेले पाणी मडगार्ड चुकवून नेमके चवड्यावर येते. चेनच्या वंगणाचा काळा डाग विजारीच्या काठाला आणि बुटाच्या आतल्या बाजूला लागतो. म्हणून चेनकव्हर आले, विजारीला क्लिप आली, धोतराचा सोगा खोचून घेण्याची रीत पडली. कातडी तळ ओल्या पेडलवरून घसरतो. कोल्हापुरी चपलेची गोष्ट आणखी वेगळी. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले ते जाड कातडे उन्हात उत्तम. पावसात मात्र पाणी पिऊन जड होते आणि घाईने वाळवले की आकार सोडते. शिवाय तिला मागे पट्टा नसल्याने पेडल वर येताना ती टाचेपासून सुटते.

यावर सामान्य माणसाने शोधलेला उपाय साधा होता: रस्त्याला एक जोड, कामाला दुसरा. 1930 च्या दशकात कलकत्त्याजवळ बाटानगर उभे राहिले, आणि कारखान्यात बनलेली स्वस्त कापडी व रबरी पादत्राणे पुढे गावोगाव पोहोचली. पावसाळ्यात रबरी चपला घालायच्या, बूट पिशवीत गुंडाळून कॅरियरला लावायचे आणि मोजे खिशात ठेवायचे. कचेरीत पोहोचल्यावर पाय पुसून बूट चढवायचे. कोणी एक जोड टेबलाच्या खालच्या खणातच ठेवी.

या ठिकाणी एक विरोधाभास ध्यानात घेतला पाहिजे. पणजोबांना आत जाण्यासाठी जोडा काढावा लागे. पणतवाला आत जाण्यासाठी जोडा चढवावा लागला. उंबरठा तोच राहिला, त्याची मागणी उलटली. दोन्ही वेळा पाय कसे दिसावेत हे ठरवणारा मनुष्य खुर्चीत बसलेला होता आणि तजवीज करणारा दाराशी उभा होता.

या कथेची आणखी काळी बाजू आहे. ज्यांना अस्पृश्य ठरवले गेले, त्यांना अनेक गावांत सवर्णांच्या आळीतून वहाणा घालून जाण्यास मज्जाव होता. पुढे काही प्रांतांत सायकलवरून उतरून चालत जाण्याची सक्तीही झाली. कातडे कमावणारे आणि जोडा शिवणारे हात ज्या समाजांचे, त्यांच्याच पायांना जोडा नाकारला गेला. त्यांच्यापैकी जो पहिल्यांदा बूट घालून, सायकलवर बसून, न उतरता नोकरीवर गेला असेल, त्याच्या त्या फेरीचे मोल मैलांत मोजता येणार नाही. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आले. प्रांतांच्या सीमेने जे विभागले, ते कारागिरांच्या हातांनी एकत्र ठेवले, ही सीमाभागातील वाचकांना मोलाची वाटावी अशी गोष्ट आहे.

1984 मध्ये फ्रान्सच्या ‘लूक’ कंपनीने बुटाला घट्ट धरणारे पेडल बाजारात आणले आणि 1985 मध्ये बर्नार इनो यांनी ते वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. त्या बुटांच्या तळाला बाहेर आलेली कडक पट्टी असते, त्यामुळे ते घालून चार पावले चालणेही अवघड. असे बूट वापरणाऱ्याला पोहोचल्यावर जोडे बदलण्यावाचून गत्यंतर नाही. अलीकडे पर्यावरणस्नेही इमारतींच्या ‘लीड’ मानांकनात सायकली ठेवण्याच्या जागेबरोबर अंघोळीच्या व कपडे बदलण्याच्या सोयीचाही विचार होतो. पिशवी आणि टेबलाचा खण यांवर पिढ्यान्‌पिढ्या भागवलेली गरज आता नकाशावर उमटू लागली आहे.

एखाद्या संस्थेचा मोठेपणा तिच्या दर्शनी कमानीवरून ओळखू नये. पावसात भिजून आलेल्या शिपायाला पाय पुसून जोडा बदलायला तिथे एक बाक आणि एक खुंटी आहे का, हे पाहावे.