रिपोर्ट ‘ऑल करेक्ट’, रक्त मात्र वेगळेच सांगते

आजचा इतिहास फार जुना नाही, पंधरा-सोळा वर्षांचा आहे. जागा आफ्रिका, शत्रू एचआयव्ही, आणि हत्यार म्हणजे रोज घ्यायची एक गोळी. ही मोहीम एकदा सपशेल फसली. ती कशी फसली आणि पुढे कशी सावरली, हे आज पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. एचआयव्हीची लागण झालेल्याला जी औषधे देतात, त्यांतलीच काही निरोगी माणसाने आधीपासून घेतली, तर लागण टळू शकते. याला ‘प्रेप’ म्हणतात. दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेत लागण झालेल्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त, आणि त्यातही वीस-बावीस वर्षांच्या मुलींना धोका मोठा. कंडोम वापरायचा की नाही, हे शेवटी पुरुष ठरवतो. म्हणून कोणाची परवानगी न घेता बाईला स्वतः वापरता येईल असे काहीतरी तिच्या हातात द्यावे, हा विचार पुढे आला. विचार उत्तमच होता.

जुलै २०१० मध्ये व्हिएन्नाच्या एड्स परिषदेत दक्षिण आफ्रिकेतून पहिली चांगली बातमी आली. भारतीय वंशाचे डॉक्टर दांपत्य, कुरैशा आणि सलीम अब्दुल करीम, यांनी क्वाझुलु-नाताल प्रांतात ८८९ स्त्रियांवर टेनोफोव्हिर या औषधाच्या जेलची चाचणी घेतली होती. (या जेलच्या सुरक्षिततेची आधीची एक चाचणी ज्या तीन शहरांत झाली, त्यांत अमेरिकेतल्या दोन शहरांबरोबर आपले पुणेही होते.) लागण ३९ टक्क्यांनी घटली. पण ज्यांनी जेल नेमाने वापरले, त्यांच्यात ती ५४ टक्क्यांनी घटली. या दोन आकड्यांमधले अंतर ही पुढच्या गोष्टीची चाहूल होती.

पुढची चाचणी ‘फेम-प्रेप’. केनिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २,१२० स्त्रिया. निम्म्यांना ट्रुवाडा ही खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे कोणालाच ठाऊक नाही. एप्रिल २०११ मध्ये ही चाचणी मध्येच थांबवावी लागली. खरी गोळी मिळालेल्यांत ३३ जणींना लागण, खोटी मिळालेल्यांत ३५ जणींना. म्हणजे फरक शून्य.

मग गोळी निकामी का? बायकांना विचारले होते, तेव्हा ९५ टक्के म्हणाल्या होत्या की आम्ही नेहमी किंवा बहुतेक वेळा घेतो. परत आलेल्या डब्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, तर हिशेब ८८ टक्क्यांचा लागत होता. शेवटी साठवलेले रक्ताचे नमुने तपासले. नुकतीच गोळी घेतल्याची खूण ४० टक्क्यांपेक्षाही कमी जणींच्या रक्तात सापडली.

त्याहून मोठी चाचणी ‘व्हॉइस’. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे मिळून ५,०२९ स्त्रिया. निकाल मार्च २०१३ मध्ये जाहीर झाला. गोळी असो वा जेल, संरक्षण काहीच दिसले नाही. तोंडी उत्तरांप्रमाणे वापर ९० टक्के होता. रक्तात मात्र औषध सापडले ते साधारण ३० टक्के नमुन्यांत. निम्म्या किंवा त्याहून जास्त जणींच्या एकाही नमुन्यात औषधाचा मागमूस नव्हता. तरीही दहापैकी नऊ जणी शेवटपर्यंत तपासणीला येत राहिल्या. या चाचणीच्या काळात ३१२ स्त्रियांना लागण झाली. हा आकडा लक्षात ठेवा. ही माणसे आहेत.

त्याच सुमारास केनिया आणि युगांडात ‘पार्टनर्स प्रेप’ नावाची चाचणी झाली. यात ४,७०० हून अधिक जोडपी होती, प्रत्येकात एकाला लागण झालेली आणि दुसरा निरोगी. तिथे तीच ट्रुवाडा गोळी ७५ टक्के यशस्वी ठरली, आणि स्त्रियांनाही तिचे संरक्षण मिळाले. तपासलेल्या ८२ टक्के नमुन्यांत औषध सापडले. गोळी तीच, मग निकाल इतका वेगळा का? या घरांत आजार दोघांनाही माहीत होता, धोका डोळ्यांसमोर होता. गोळी लपवायचे कारण नव्हते. उलट, आज घेतलीस का, असे विचारणारे माणूस घरातच होते.

‘व्हॉइस’मधल्या अनेक जणींशी नंतर संशोधकांनी पुन्हा बोलणे केले, या वेळी त्यांच्या रक्ताचा अहवाल समोर ठेवून. तेव्हा त्या मोकळ्या झाल्या. ही गोळी म्हणजे एड्सच्या रुग्णांची गोळी. ती उशाशी दिसली, तर शेजारीण काय म्हणेल? नवरा किंवा मित्र काय समजेल? मी तर धडधाकट, मग रोज औषध कशाला? त्यातून अफवा: या गोळ्यांनीच आजार होतो. आणि डब्यात खरे औषध आहे की नाही, हेही माहीत नाही. मग गोळ्या कचऱ्यात जात, आणि दवाखान्यात उत्तर ठरलेले, ‘घेते हो रोज’. तिथे मोफत तपासणी होत होती, कोणी आस्थेने बोलत होते. खरे बोलून ते गमावायचे कशाला?

इथे मला बर्मा आघाडी आठवते. १९४३ मध्ये तिथे जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका जवानामागे १२० जण आजारपणामुळे मागे जात होते, आणि त्यात मलेरिया मोठा. मलेरियावरची मेपाक्रीनची गोळी हाताशी होती. पण तिने कातडी पिवळी पडते, आणि पुरुषत्व जाते अशी अफवा, म्हणून जवान ती टाळत. चौदाव्या आर्मीचे सेनापती जनरल स्लिम ‘ऑल करेक्ट’ रिपोर्टवर विसंबले नाहीत. त्यांनी अख्ख्या युनिटची अचानक तपासणी सुरू केली, प्रत्येक जवानाची. ९५ टक्क्यांच्या खाली निकाल गेला, की थेट कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. तीन अधिकारी घरी गेले आणि बाकीच्यांना अर्थ कळला.

यात ध्यानात घ्या, स्लिम यांनी शिक्षा जवानाला केली नाही, वरच्याला केली. गोळी पोटात गेली नाही, तर जबाबदारी ती देणाऱ्याची, हा त्यांचा हिशेब. ‘बायका खोटे बोलल्या’ एवढे म्हणून आफ्रिकेचा विषय मिटवणाऱ्यांनी हा हिशेब लावून पाहावा. जिथे ‘नाही’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही, तिथे उत्तर ‘हो’च येणार. हे पलटणीतही होते आणि दवाखान्यातही.

मात्र स्लिम यांचा दुसरा उपाय, म्हणजे हुकूम, डरबनच्या वीस वर्षांच्या मुलीवर चालत नाही. तिच्यासाठी हत्यारच बदलावे लागले, आणि संशोधकांनी ते बदलले. आधी महिनाभर आत राहणारी डॅपिविरिनची रिंग आली. २०१६ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत लागण सुमारे ३० टक्क्यांनी घटली, म्हणजे यश बेताचेच. मग दोन महिन्यांनी एकदा घ्यायचे कॅबोटेग्राविरचे इंजेक्शन. आफ्रिकेतल्या सात देशांत ३,२२४ स्त्रियांवर चाचणी झाली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रोजच्या गोळीपेक्षा इतके सरस ठरले की तुलना थांबवण्यात आली.

आणि २०२४ मध्ये लेनाकापाविर, वर्षातून फक्त दोन इंजेक्शने. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या १६ ते २५ वयाच्या ज्या २,१३४ मुलींना ते मिळाले, त्यांच्यात एकीलाही लागण झाली नाही. ट्रुवाडा मिळालेल्या १,०६८ जणींपैकी १६ जणींना झाली. गोळी मिळालेल्या बहुतेकींच्या रक्तात औषध याही वेळी कमीच होते. तेरा वर्षांत मुलींचा स्वभाव बदलला नव्हता, औषध त्यांच्या जगण्यात बसेल असे झाले होते. सहा महिन्यांचे इंजेक्शन घ्यायला दहापैकी नऊहून अधिक जणी वेळेवर आल्या.

हे औषध स्वस्तात बनवण्याचे परवाने ज्या कंपन्यांना मिळाले, त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत, पुण्याची एमक्युअरही आहे. २०२७ पासून गरीब देशांना माणशी वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये ते देण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. ते दुर्गम दवाखान्यापर्यंत नेमाने पोचणे, ही पुढची लढाई. ती औषध घेणारीने नव्हे, पुरवणाऱ्यांनी लढायची आहे.

जाता जाता एक काम सांगतो. घरात आईला बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल, तर ‘गोळी घेतलीस ना?’ असे विचारू नका. त्याला उत्तर ‘हो’च येते. ‘या आठवड्यात किती राहिल्या गं?’ असे विचारा, आणि उत्तर काहीही आले तरी रागावू नका. मग का राहिल्या, ते ऐकून घ्या.

जय हिंद.