तीसपैकी वीस : एका गुणपत्रिकेचा इतिहास

कर्नाळ्याच्या पायथ्याच्या गावात राहणाऱ्या आमच्या आत्याबाईंची स्मृतिचाचणी प्रथम झाली, तेव्हा त्यांना तीसपैकी वीस गुण मिळाले. चोवीसच्या खाली शंका घ्यावी, एवढे आम्ही ऐकून होतो. त्यामुळे घरात नापासाचा निकाल लागावा तशी शांतता पसरली. पुढे ती उत्तरपत्रिका पाहताना एका शून्यापाशी आम्ही अडखळलो. 'जिल्हा कोणता?' या प्रश्नाला आत्याबाईंनी 'कुलाबा' असे उत्तर दिले होते.

नियमाने ते शून्य योग्यच होते, कारण कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. पण आत्याबाईंनी तोवर चाळिशी ओलांडली होती, आणि त्यांच्या बालपणापासूनचा जिल्हा कुलाबाच होता. हे उत्तर विस्मरणाचे मानायचे की फार जुन्या, पक्क्या स्मरणाचे? स्वतः कर्नाळा किल्ला निजामशाही, मोगल, शिवशाही अशा सत्ता पाहून १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. अशा प्रदेशात 'तुम्ही कुठे आहात?' हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नसतो. म्हणून या प्रश्नांचाच इतिहास पाहणे आम्हाला अगत्याचे वाटले.

१९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथे आलोइस अल्झायमर यांनी ऑगस्ट नावाच्या रुग्ण स्त्रीशी झालेले संभाषण टिपून ठेवले. नाव विचारले तर ती 'ऑगस्ट' म्हणे, आणि पतीचे नाव विचारले तरी तेच. त्या नोंदींत गुण नाहीत. आहेत ते केवळ प्रश्न आणि उत्तरे. स्मृतिभ्रंशाला आकड्यात बसवण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १९६८ मध्ये न्यूकॅसलच्या ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी केला. (कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्यही त्याच वर्षीचे.) रुग्णाच्या हयातीतील गुणांचा संबंध मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत आढळलेल्या बदलांशी त्यांनी जोडून दाखवला. त्यांच्या प्रश्नांत पहिल्या महायुद्धाची वर्षे होती, राजा वा राणीचे नाव होते. म्हणजे परीक्षा स्मृतीची असली तरी अभ्यासक्रम एका विशिष्ट देशाचा होता.

आज सर्वत्र परिचित असलेली तीस गुणांची चाचणी मार्शल फोल्स्टीन, सुझन फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. काळ आणि स्थळ यांचे भान दहा गुण, तीन शब्द ऐकून लगेच म्हणणे तीन, शंभरातून सात सात वजा करणे पाच, तेच तीन शब्द थोड्या वेळाने आठवणे तीन, भाषा आठ आणि आकृतीची नक्कल एक, अशी तिची वाटणी आहे. स्थळाच्या प्रश्नांत राज्य आणि गाव यांच्यामध्ये तेथील 'काउंटी' होती. आपल्याकडे तिचा 'जिल्हा' झाला.

या चाचणीत शाळा किती मुरलेली आहे, हे १९९३ मध्ये अठरा हजारांहून अधिक अमेरिकन प्रौढांच्या पाहणीतून स्पष्ट झाले. नऊ वा अधिक वर्षे शिकलेल्यांचा मध्यांक २९ होता, पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांचा २६, आणि चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांचा २२. आत्याबाई चौथीपर्यंत शिकल्या. त्यांच्या 'वीस'कडे चोवीसच्या रेषेवरून पाहणे आणि बावीसच्या रेषेवरून पाहणे यांत केवढे अंतर आहे! आपल्याकडे मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगढच्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदी रूपांतर केले (१९९५), ते याच जाणिवेतून. उलट बाजूही ध्यानात ठेवावी लागते. 'अस्तु' (२०१३) या चित्रपटातील संस्कृत पंडितासारखा विद्वान आजाराच्या प्रारंभी या सोप्या प्रश्नांत सहज उत्तीर्ण होऊ शकतो. माँट्रियलमध्ये झियाद नसरेद्दीन यांनी २००५ मध्ये आणलेली चाचणी अधिक कठीण आहे, ती याच कारणाने. तीही तीसचीच, पण तिची रेषा सव्विसावर आहे, म्हणून दोन चाचण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

इतके समजूनही आमची चूक व्हायची ती झालीच. दहा महिन्यांनी आत्याबाईंना एकवीस गुण मिळाले आणि आम्ही पेढे आणले. आठवडाभराने दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या, तेव्हा खरा प्रकार उमगला. तारीख आणि महिना त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहून सांगितला होता. 'रायगड' तर आम्हीच रोज घोकून घेतले होते. हे तीन गुण वाढले. परंतु मागच्या खेपेस आठवलेल्या दोन शब्दांपैकी या वेळी एकही आठवला नव्हता. बेरीज एकने वाढली, स्मृती मात्र खालावली होती. आणि बेरीज फुगवणारे हात आमचे होते.

एरवीही दोन-तीन गुणांचा चढउतार निव्वळ योगायोगाने होऊ शकतो. ऐकू कमी येणे, उदासी, अपुरी झोप, थायरॉइडचा दोष वा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही गुण घटतात, आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. म्हणून केवळ बेरजेवरून निदान होत नसते. कोणती चाचणी, कोणत्या भाषेत, किती शिक्षण असलेल्या माणसाची, आणि गुण गेले ते नेमके कोणत्या प्रश्नाला, हे विचारल्यावाचून तो आकडा वाचता येत नाही.

तिसऱ्या खेपेस आम्ही आत्याबाईंकडून काही घोकून घेतले नाही. सोबत एक वही नेली. आमटीत दोनदा मीठ पडले तो दिवस, दूध उतू जाऊन गॅस तसाच राहिला ती सकाळ, देवळातून परतताना ओळखीची वाट चुकली ती संध्याकाळ, सारे तारखांसह त्यात लिहिले होते. डॉक्टरांनी आधी ती वही वाचली, आणि मग आत्याबाईंना विचारले, "जिल्हा कोणता?"

"कुलाबा," आत्याबाई म्हणाल्या. आम्ही मध्ये बोललो नाही.