मुंबई हाय आणि हिमनग

१९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ने मुंबईजवळ समुद्रात तेल शोधले, तेव्हा मी फळ्यावर त्याचे चित्र काढले होते. पाय खाली सोडायचे, तळाला टेकले की सगळा डोलारा पाण्यावर उचलायचा. किकवीच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता, पण पाऊस चांगला ठाऊक. एकाने विचारले, पावसाळ्यात काय करतात?

प्रश्न बिनतोड होता. १९७६ च्या मे महिन्यात तेल निघू लागले, ते किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर. पाणी ७५ मीटरच्या आसपास खोल. तिथले प्लॅटफॉर्म म्हणजे तळात ठोकलेले पोलादी सांगाडे. मोकळ्या सांगाड्यातून लाट निघून जाते, आणि माणसे राहतात ती लाटेच्या वर.

बर्फ मात्र असा निघून जात नाही, तो रेटतो. कॅनडाजवळ हायबर्निया येथे पाणी ८० मीटर, म्हणजे जवळपास आपल्याइतकेच. पण १९९७ मध्ये सुरू झालेला तिथला प्लॅटफॉर्म काँक्रीटचा, तळावर नुसत्या वजनाने बसलेला. भोवती १६ दाते असलेली जाड भिंत. साठ लाख टनांचा हिमनग आदळला तरी उभा राहील असा हिशेब. शिवाय लहान हिमनग दोर टाकून बोटींनी बाजूला ओढतात. (आमच्याकडे रस्त्यातला बैल हाकलावा तसे!)

त्याच भागात १९८२ च्या फेब्रुवारीत 'ओशन रेंजर' ही तरंगती रिग बुडाली. ८४ जण गेले, एकही वाचला नाही. हिमनगाचा संबंध नव्हता. वादळात एक खिडकीची काच फुटली, पाणी नियंत्रणाच्या यंत्रणेवर पडले आणि तोल गेला.

आपल्याकडे २७ जुलै २००५. मुंबई आदल्या दिवशीच बुडालेली, हेलिकॉप्टर उडेनात. 'समुद्र सुरक्षा' जहाजावरच्या जखमी आचाऱ्याला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर चढवले. त्यानंतर लाटांच्या हेलकाव्यात जहाज वायूच्या उभ्या नळांवर आदळले. त्या नळांचे कठडे लहान बोटींच्या धक्क्यापुरते होते. सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. २२ जण गेले, ३६२ वाचले.

सांगाडा लाटांना पुरून उरला होता. पण पावसाळ्यात, हेलिकॉप्टर नसताना, एका जखमी माणसासाठी एवढे मोठे जहाज नळांच्या बाजूने लागेल, हे कठडे आखताना कोणी धरले नव्हते. आणि त्या मुलाने तर १९७४ मध्ये पावसाळ्याचेच विचारले होते.