लोहाचे कृष्णकवच

लोखंडाचा नाश करणारा तांबडा गंज भुसभुशीत असतो; त्याचे पोपडे सुटतात, खालची धातू उघडी पडते आणि पाणी व प्राणवायू यांचा अंमल आत आत पसरत जातो. परंतु याच प्राणवायूचा लोहाशी होणारा दुसरा एक संयोग, मॅग्नेटाइट या नावाचा, काळा, घट्ट आणि पृष्ठभागास चिकटून राहणारा असतो. शत्रूच्याच कुळातील एकास किल्लेदार नेमावे, तशी ही योजना आहे.

बंदुका घडविणाऱ्या कारागिरांनी ती अनुभवाने साध्य केली. नळीवर आम्लाचे द्रावण चोळून ती दमट जागी ठेवावी, गंज मुद्दाम चढू द्यावा, मग उकळत्या पाण्यात बुडवून त्या तांबड्या थराचा काळा थर करावा, सुटा भाग तारेच्या ब्रशाने झाडावा, आणि हा क्रम अनेकवार करून अखेरीस तेल द्यावे, असा तो सोशीक हुन्नर होता.

1784 साली पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ लव्हॉयझर व त्याचा सहकारी यांनी तापून लाल झालेल्या बंदुकीच्या नळीतून वाफ सोडली, तेव्हा आत काळा ऑक्साइड जमला. पण त्यांना पाणी हे मूलद्रव्य नाही हे सिद्ध करावयाचे होते, आणि त्यांचे लक्ष बाहेर पडणाऱ्या हायड्रोजनवर होते. त्याच क्रियेस गंजरक्षणाच्या कामी जुंपले ते लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत रसायनशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापक फ्रेडरिक बार्फ यांनी, 1876 च्या सुमारास. बंद भट्टीत तापविलेल्या लोखंडावर ते अतितप्त वाफ कित्येक तास सोडीत. सेंट निऑट्सच्या जॉर्ज बाऊअर व त्यांच्या पुत्राने वाफेऐवजी ज्वलनवायू वापरून प्रथम तांबडा थर आणि मग त्याचा काळा थर करण्याची रीत काढली. बाऊअर व बार्फ या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी ही प्रक्रिया अमेरिकेत कुलपे, कड्या आणि जिन्यांचे कठडे यांवर मानाने मिरवली.

तरीही जस्ताने तिला मागे टाकले, आणि हा निकाल मला योग्य वाटतो. जस्ताचा मुलामा खरचटला तरी जस्त स्वतः झिजून लोखंडास वाचविते. काळ्या थरास मात्र छिद्र पडले की तेथील उघडे लोखंड उलट अधिक वेगाने गंजते. म्हणूनच या कवचाचा खरा आधार तेल आहे, कारण त्या सूक्ष्म छिद्रांत ते मुरते. आजही पुण्याच्या कारखान्यांत ब्लॅकोडायझिंगच्या, म्हणजे हाच काळा थर चढविण्याच्या, टाकीत, सुमारे 140 अंश सेल्सिअस तापलेल्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवून काढलेले बोल्ट धुऊन लगेच तेलात टाकतात.