कॅमल्स की कॅराव्हॅन? नद्यांच्या अभ्यासासाठी कोणता डेटा वापरायचा?

नदीला पूर येईल का, हे सांगणारं मॉडेल जुन्या नोंदींवर तयार होतं. पाणलोट क्षेत्रात पाऊस किती पडला आणि नदीतून पाणी किती वाहिलं, हे त्याला लागतं. या नोंदी कोणत्या डेटासेटमधून घेतल्या, यावर अंदाज किती अचूक येईल हे ठरतं.

कॅमल्स म्हणजे काय?

कॅमल्स हा मूळचा अमेरिकेतील ६७१ पाणलोट क्षेत्रांचा डेटासेट. पुढे चिली, ब्राझील, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांनीही आपापले कॅमल्स तयार केले. पण पावसाची आकडेवारी प्रत्येकाने आपल्या सोयीची घेतली. त्यामुळे दोन देशांतल्या नद्यांची तुलना अवघड होते.

कॅराव्हॅन वेगळं कसं?

२०२३ मध्ये आलेल्या कॅराव्हॅनने अशा डेटासेटमधली ६,८३० पाणलोट क्षेत्रं एकत्र आणली. नदीच्या प्रवाहाच्या नोंदी मूळच्याच ठेवल्या. हवामानाची आकडेवारी मात्र सगळीकडे ‘ईआरए५-लँड’ या एकाच जागतिक डेटासेटमधून घेतली. ही आकडेवारी संगणकीय मॉडेलमधून येते आणि सुमारे ९ किलोमीटरच्या चौकोनांत मिळते.

मग अडचण काय?

अमेरिका, ब्राझील आणि ब्रिटनमधल्या नद्यांवर केलेली तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅराव्हॅनची हवामान आकडेवारी वापरल्यावर बहुतेक ठिकाणी मॉडेलची कामगिरी घसरली. पावसाचे आकडे कमी अचूक होते आणि संभाव्य बाष्पीभवन अवास्तव जास्त दिसत होतं. म्हणजे सगळीकडे एकच मोजपट्टी मिळाली, पण स्थानिक अचूकता कमी झाली.

भारतात काय उपलब्ध आहे?

‘कॅमल्स-इंड’मध्ये द्वीपकल्पीय भारतातल्या २२८ पाणलोट क्षेत्रांच्या प्रवाहाच्या नोंदी आहेत. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतल्या प्रवाहाची आकडेवारी सरकार खुली करत नाही. पावसासाठी भारतीय हवामान विभागाचा १९०१ पासूनचा दैनंदिन डेटा आहे. त्यातला एक चौकोन साधारण २५ किलोमीटरचा असल्याने सह्याद्रीसारख्या भागात घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस आणि पूर्वेकडचा तुरळक पाऊस एकाच आकड्यात मिसळू शकतो.

निवड कशी करायची?

एकाच नदीचा अभ्यास असेल तर स्थानिक पर्जन्यमापकांवर आधारित डेटा आधी पाहावा. अनेक देशांची तुलना असेल तर कॅराव्हॅन सोयीचं. दोन्ही वेळी एक साधी तपासणी करावी: वर्षभरात पडलेल्या पावसापेक्षा नदीतून वाहिलेलं पाणी जास्त आहे का? तसं असेल तर डेटात गडबड असू शकते किंवा पाणी बाहेरून येत असतं. कोयनेच्या वीज प्रकल्पाचं पाणी वाशिष्ठीत सोडलं जातं. पावसाच्या कोणत्याही डेटासेटमध्ये हे पाणी दिसणार नाही.