चावडीतलं दप्तर

पूर्वी गावात सरकार म्हणजे चावडी. सारा भरायचा चावडीत, तंटा तुटायचा चावडीत, दवंडी निघायची चावडीवरून. पाटील लोडाला टेकून, कुळकर्णी बोरू घेऊन दप्तरापुढं आणि येसकर महार पायरीखाली, अशी बसायची रीत. ही वतनदारी पुढं कायद्यानं मोडली. कुळकर्ण्यांची वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, महारकीसारखी वतनं १९५८ च्या आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या. कुळकर्ण्याच्या जागी पगारी तलाठी आला, ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली आणि आमची चावडी ओस पडली. मग कुणी तिथं कडबा रचला, कुणी शेळ्या बांधल्या.

तलाठ्यानं कामापुरतं दप्तर नेलं. जुनं, मोडीतलं, कुणाला वाचता न येणारं तेवढं एका लाकडी पेटीत मागं राहिलं. एका पावसाळ्यात चावडीचं आढं खाली आलं, तेव्हा आम्ही चौघांनी ती पेटी ओढून बाहेर काढली. एक बाजू वाळवीनं खाल्लेली. आत रुमालात बांधलेले कागद आणि शिवलेल्या वह्या. आमची पिढी शाळेत गेली तोवर मोडी शाळेतनं गेलेली. शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींना ती येत होती. त्यांना गाडीत घालून आणलं.

बरंचसं दप्तर साऱ्याचं निघालं. कुणाकडं किती बाकी, कुणाची जप्ती, कुणाला सूट. पण एका वहीत जन्ममृत्यूच्या नोंदी होत्या. नाव, जात, वय, मरणाचं कारण. एरवी महिन्याला दोनचार ओळी. १९१८ च्या दिवाळीच्या सुमारास मात्र ओळीवर ओळ, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ताप. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "पानं उलटतोय, पण महिना काय सरंना गड्या."

ती मानमोडीची साथ. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेला इन्फ्ल्युएन्झा. त्या साली पाऊसही गेलेला, माणसं आधीच अर्धपोटी. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणूस गेला, त्यातही ऑक्टोबर सगळ्यात वाईट. आमची आजी आपलं वय त्याच सालावरनं मोजायची, "मानमोडीत मी पाळण्यात हुते." आम्हाला ती म्हातारीची गोष्ट वाटायची. वहीत त्याच महिन्यात तिच्या दोन चुलत्यांची नावं सापडली, चार दिवसांच्या अंतरानं.

गुरुजी वाचत होते तशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बापयांची नावं होती. बाईच्या जागी बहुतेक ठिकाणी नुसतं 'अमक्याची बायको', लेकराच्या जागी 'मुलगी'. आणि कुणाच्या घरी काय झालं ही वर्दी दारोदार फिरून चावडीत आणणारा महार, त्याच्या मेहनतीची नोंद कुठंच नाही. दप्तर खोटं बोलत नव्हतं, पण ज्याच्या हातात बोरू त्याला जेवढं दिसलं तेवढंच त्यात उतरलं होतं.

इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव पायपीट करत हिंडले, म्हणून मराठ्यांच्या स्वाऱ्या नि तह आज आपल्याला कळतात. पण रयतेनं कधी स्वारी केली नाही, तह केला नाही. ती जन्मली आणि मेली, एवढाच तिचा पुरावा, आणि तो असल्या वह्यांतच आहे.

त्या पुराव्याला आता भाव आलाय. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद मागतात. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणारी माणसं धुंडाळायची वेळ आली. ज्या कागदावर शेळ्या बसत होत्या, त्यावर पोराची फी आणि नोकरी ठरायला लागली. गरज लागल्यावर आजा आठवतो, हेही खरंच.

आम्ही त्या वह्या उन्हात न घालता सावलीत वाळवल्या, पोरांकडनं पान न् पान मोबाईलवर काढून घेतलं आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये पोच घेऊन जमा केल्या. तुमच्या गावातही अशी एखादी पडकी चावडी, बंद शाळा, बुडालेली सोसायटी असंल. भिंत पाडायला जेसीबी बोलवाल तेव्हा आधी आतली पेटी बघा. वाळवीला मोडी वाचता येत नाही, ती सगळंच खाते.