परिचित शब्दांची अपरिचित संगत : इंग्रजी विद्यार्थिकोशाचा उगम

परकी भाषा शिकणाराची मुख्य अडचण कठीण शब्दांत असते, असा सामान्य समज आहे. इंग्रजीच्या बाबतीत तो पुरेसा ठरत नाही. 'पुट', 'अप' व 'विथ' हे शब्द प्रारंभीच परिचित होतात. परंतु त्यांच्या संयोगातून 'सहन करणे' हा अर्थ कसा निष्पन्न होतो, हे त्यांपैकी एकही शब्द सांगत नाही. आपला कडक चहा इंग्रजीत 'स्ट्राँग' होतो, 'हार्ड' होत नाही. व्याकरण येथे मूक राहते.

या अडचणीचा पद्धतशीर विचार आशियातील इंग्रजीच्या अध्यापनातून आकारास आला. ढाक्यास अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी शब्दसंख्या मर्यादित करण्याचा मार्ग पत्करला. १९३५ मध्ये त्यांनी व एंडिकॉट यांनी केवळ १४९० शब्दांत व्याख्या देणारा कोश सिद्ध केला. हॅरल्ड पामर १९२२ मध्ये जपानच्या शिक्षणखात्याचे भाषाविषयक सल्लागार म्हणून टोकियोस गेले व १९२३ मध्ये त्यांनी तेथे इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था स्थापन केली. शब्दांच्या याद्या करताना मूळ एकक कोणते धरावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यातून १९३३ चा शब्दसाहचर्यांवरील अहवाल निर्माण झाला. त्यात ए. एस. हॉर्नबी यांचा मोठा वाटा होता.

पुढे हॉर्नबी, गेटनबी व वेकफील्ड यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला. त्या वेळी जपान व ब्रिटन परस्परांशी युद्ध करीत होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तोच कोश पुनर्मुद्रित केला. 'या शब्दाचा अर्थ काय?' या प्रश्नाबरोबरच 'हा शब्द वाक्यात कसा योजावा?' या प्रश्नाचेही उत्तर त्यात होते. त्यासाठी क्रियापदांच्या २५ रचना निश्चित केल्या होत्या.

जन्मभाषकास शब्दांची संगत स्वाभाविक वाटते, म्हणून ती त्याच्या नजरेस येत नाही. शिकणारा अडखळला म्हणजेच ती प्रकट होते. हा निष्कर्ष मराठीसही लागू आहे. 'थंडी वाजणे', 'मार खाणे', 'राग येणे' यांत आपणांस नवल वाटत नाही. मराठीचा विद्यार्थिकोश रचावयाचा झाल्यास त्याची सामग्री केवळ शिष्टांच्या ग्रंथांत न शोधता, मराठी शिकणाऱ्या अन्यभाषिकांच्या चुकांतही शोधावी लागेल.